दाजी, तुमची ती हरकत

दाजी, तुम्हाला मातीआड करून आज नऊ दिवस झाले. पाळकसाहेब म्हणाले, रविवारी तुमच्या स्मरणाची भक्ती ठेवलीय, मंडळीतून कुणीतरी चार शब्द लिहून आणा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मेहुणा म्हणून पाहिलं असेल, नाहीतर हा काय लिहिणार म्हणून पाहिलं असेल. मी लगेच म्हणालो, मी लिहितो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सूनबाई म्हणाली, "आबा, तुम्ही नुसतं सांगा, मी मोबाईलवर लिहून घेते." मी म्हणालो, "मला हात हायेत." चौथीपर्यंत गेलेला माणूस मी. तीन दिवस झाले लिहितोय आणि निम्मी पानं चुलीत गेली.

तुमचा जन्म कुठला, लासुर्ण्यात किती वर्षं काढली, देवळाच्या कारभारात मंडळीचे वडील म्हणून किती वर्षं सेवा केली, ते पाळकसाहेब सांगतील. त्यांच्याकडं सगळं लिहिलेलं आहे. मला ते सांगायचं नाही. तुमच्याशी माझं एक वाक्य बोलायचं राहिलंय. चारच शब्द आहेत. पाच वर्षं ते तोंडापर्यंत येत होतं आणि मी गिळत होतो. ते आधी लिहून मोकळा झालो असतो, पण आता देवळात नवी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना वाटतं आपण दोघं जन्मापासून एकाच बाकावर बसत आलोय. तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.

माझ्या बावड्याच्या रानात डाळिंब आलं ते तुमच्यामुळं. अक्काला देऊन तुमचं आमचं नातं झालं, पण बोलणं व्हायला लागलं ते डाळिंबानं. रोपं तुम्ही आणलीत, खड्डे तुम्ही उभं राहून घेतलेत. पहिला बहार धरायची वेळ आली तेव्हा म्हणालात, "आता पाणी बंद. झाडाला ताण द्यायचा. दीड महिना थेंब न्हाय. पानं पिवळी पडत्याल, गळत्याल. भिऊ नको." मी तिसऱ्या आठवड्यात भ्यालो. झाडं अशी मान टाकून उभी होती की मला सकाळी रानात जाववेना. तुम्हाला न सांगता मी ड्रिप सोडलं. चार-आठ दिवसांत बाग हिरवीगार झाली, मी खूश. आणि मग फूल म्हणून धरलं नाही. नुसता पाला. तुम्ही आलात, बांधावर उभे राहिलात, टोपी काढून डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "दौलतराव, चार शेरडं घ्या आता. चाऱ्याची सोय झकास झालीय."

ती शेरडांची गोष्ट तुम्ही अक्काला सांगितलीत, पाळकसाहेबांना सांगितलीत, इंदापूरच्या खतवाल्याला सांगितलीत. तो मला पुढं दहा वर्षं विचारायचा, "काय दौलतराव, शेरडं कशी हायेत?"

पण त्या झाडांपायी आपला जो वाद सुरू झाला, थांबायचं की पाणी सोडायचं, तो काही मिटला नाही.

माझ्या शमूच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. बघता बघता चौतीसचा झाला. एकुलता एक पोरगा. निर्व्यसनी, रविवार न चुकवणारा, रानात उभा राहिला की मला गप बसवील असा शेतकरी. पण आपल्या ख्रिस्ती माणसांची घरं ह्या भागात असून असून किती? बारामती झालं, इंदापूर झालं, पार दौंड-फलटणपर्यंत तुम्ही आणि मी तुमच्या मोटरसायकलवर फिरलो. सगळीकडं तेच. "शेती किती?" "अडीच एकर, बागायत, डाळिंब." "वा! आणि मुलगा काय करतो?" "तीच की. शेती." "अच्छा." त्या अच्छानंतर चहा यायचा आणि चहानंतर आठ दिवसांनी नकार. एका बाप्यानं तर तोंडावर सांगितलं, "शेती पाहिजेच हो. पण जावयानं करायला नको." परत येताना तुम्ही गाडी बाजूला घेऊन हसत बसला होता. मला हसू येत नव्हतं.

घरी आलं की तुम्ही ओट्यावर डोळे मिटायचात आणि प्रार्थना करायचात. शेवटी तुमचं ठरलेलं, "प्रभू, तुझ्या वेळेनं होऊ दे." शमूच्या आईला त्यानं धीर यायचा. माझं डोकं फिरायचं.

"दाजी, देवाला एक कॅलेंडर नेऊन देऊ का?"

"त्याच्याकडं हाय. तुलाच पानं फाडायची घाई झालीय."

असं चालायचं. एकदा बागेला ताण दिलेला असताना तुम्ही मला मधोमध घेऊन गेलात. सगळ्या झाडांच्या नुसत्या काड्या. एका काडीला हात लावून म्हणालात, "ह्याला वाटत असंल, आपल्याला टाकलं मालकानं. पण टाकलेलं न्हाय दौलत. फुलासाठी ठेवलंय."

मी म्हणालो, "दाजी, पाणी कधी सोडायचं ते मला माहीत असतंय. झाडाला कोण सांगतंय? त्याला नुसतं तहानलेलं उभं ऱ्हायचं. आन लई ताण दिला की झाड मरतंय पण. तुमच्या त्या विहिरीकडच्या कोपऱ्यातली सहा झाडं कशानं वाळली?"

तुम्ही काडीवरचा हात काढलात. मग म्हणालात, "ती सहा माझ्या हातनं गेली. मी देव न्हाय."

पण मला ते तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं. तुम्ही गेलात म्हणून आज सगळं पटलं असंही म्हणणार नाही. तसं लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, हे दौलतनं लिहिलेलं नाही.

मग सांगवीचं स्थळ आलं. मुलगी चांगली, शिकलेली, वडील शाळेत शिपाई होते ते निवृत्त झालेले. त्यांनी फोनवर विचारलं, मुलगा काय करतो? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बारामतीला कंपनीत हाय. कायम." ते "बरं, बरं" म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा मी अच्छा सोडून दुसरं काही ऐकलं.

एकदा बोललो ते बोललोच. शमूनं मागं चार महिने तिथं कंत्राटी काम केलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्याचं जुनं ओळखपत्र कपाटात होतं. पाहुणे आले त्या दिवशी मी ते टीव्हीजवळ सहज पडल्यासारखं ठेवलं. शमूनं ओळखपत्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गोठ्यात निघून गेला. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "आबा, मला न्हाय असं जमणार." मी म्हणालो, "तुला काय जमतंय ते आठ वर्षं बघतोय मी. लग्न हू दे. मग सांगू, कंपनी सोडली म्हणून." पोरगं गप बसलं. मी गप बसवलं.

आपल्याकडं लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं पुकारतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा विवाह ठरला आहे, कुणाची काही हरकत असल्यास त्यानं ती आत्ता सांगावी. एवढं म्हणून पाळकसाहेब पान उलटायला लागतं तेवढा वेळ थांबतात. माझ्या उभ्या आयुष्यात त्या वेळात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या वेळात माणसं खोकून घेतात, बायका पोरांच्या हातातली पिशवी काढून घेतात.

दोन रविवार नावं पुकारून झाली. मधल्या बुधवारी तुम्ही रानात आलात. शमूनं तुम्हाला सांगितलं होतं. आत्याचा नवरा म्हणून तो तुम्हाला मामा म्हणायचा, आणि जे मला सांगत नव्हता ते मामाला सांगायचा.

"दौलत, सांगवीवाल्यांना फोन लाव. खरं काय ते सांग."

"लग्न झाल्यावर सांगतो."

"झाल्यावर सांगतात त्याला सांगणं म्हणत न्हाईत."

"दाजी, पोरगं चौतीस वर्षाचं झालंय. तुमच्या देवाची वेळ येईपर्यंत त्याच्या डोक्यावर केस ऱ्हायचं न्हाईत."

"रविवारी मी देवळात असणार हाय. पाळक विचारणार हाय."

"विचारतात की. दर वेळी विचारतात. कोण बोलतंय?"

तुम्ही मोटरसायकल सुरू केलीत. जाताना म्हणालात, "चार दिवस हायेत तुझ्याकडं." मला वाटलं, म्हणतात झालं. अक्काचा नवरा आहे, भाच्याचं लग्न आहे.

तिसऱ्या रविवारी सांगवीचे वडील आणि मुलीचा भाऊ उपासनेलाच आले होते. उपासना झाल्यावर जेवणाचं, मांडवाचं बोलायचं म्हणून. मी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या बाकावर. पाळकसाहेबांनी नावं पुकारली. कुणाची काही हरकत असल्यास. आणि मागच्या बाजूनं तुमचा आवाज आला, "हाय."

मी मागं बघितलं नाही. सगळं देऊळ मागं बघत होतं.

"मुलगा शेती करतो," तुम्ही म्हणालात. "कंपनीत न्हाय. मुलीकडच्यांना हे सांगितलेलं न्हाय. आता सांगितलं. त्यांना चालत असंल तर माझी काय हरकत न्हाय."

आणि खाली बसलात. एवढंच. पुढं पाळकसाहेब काय म्हणाले मला आठवत नाही. सांगवीचे वडील बाहेर पायऱ्यांवर माझ्याजवळ आले. मला वाटलं, शिव्या देतील. ते म्हणाले, "शेतकरी हाय म्हणून न्हाय हो. पण तुमी खोटं बोलला." आणि निघून गेले. तुम्ही माझ्याकडं यायला लागलात तेव्हा मी म्हणालो, "माझ्या पोराचं वाटोळं करून आता काय तोंड दाखवताय?" मंडळीसमोर म्हणालो. त्या दिवसापासून मी ते देऊळ सोडलं. नाताळला आणि ईस्टरला बारामतीला जायचो, तिथं मागं उभा राहायचो.

तीन वर्षं, दाजी. तीन वर्षं मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही. आणि तुम्ही काय केलंत? महिन्यातून एकदा, उपासना झाली की अक्काला मागं बसवून लासुर्ण्याहून बावड्याला यायचात. अक्का आत यायची. तुम्ही फाटकाच्या बाहेर त्या पाण्याच्या टाकीला टेकून बसायचात. मी बोलवत नव्हतो आणि तुम्ही बोलावल्याशिवाय आत येत नव्हता. शमू तुमच्याजवळ बाहेर जाऊन बसायचा, त्याला मी अडवलं नाही, तेवढं माझ्या नावावर धरा. शमूची आई बाहेर चहा पाठवायची. एकदा तो कप मी वाटेतच अडवला आणि स्वतः प्यालो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, आज मी सांगतो.

आणि आमचा शेरू. कुत्र्याला काय, तो तुमच्या पायाशी जाऊन पडायचा. तुम्ही मोठ्यानं त्याच्याशी बोलायचात. "शेरू, मालकाला सांग, तिसऱ्या ओळीत तेल्या दिसतोय. फांद्या कापून जाळाव्या लागत्याल." मी ओट्यावरून म्हणायचो, "शेरू, पावण्याला सांग, आमाला डोळं हायेत." तुम्ही गेल्यावर जाऊन बघितलं, तर तीन झाडांना तेल्या रोगाचे ठिपके होते. पुढच्या महिन्यात तुम्ही विचारलंत, "शेरू, जाळल्या का फांद्या?" मी म्हणालो, "शेरू, सांग त्यांना, ज्याचं रान तो बघून घेईल." शमूची आई आतून ओरडली, "त्या मुक्या जनावराला तरी मधी घालू नका!" अक्का तोंडाला पदर लावून हसत होती.

आज हसू येतं. तेव्हा मी मनातून पेटलेलो होतो. सांगवीनंतर स्थळं यायची थांबलीच. बारामतीपासून सोलापूरपर्यंत आपल्या घरांत एकच गोष्ट, दौलतच्या पोराचं लग्न देवळात मोडलं, घरच्याच माणसानं मोडलं. मी म्हणायचो, घ्या, ही आली देवाची वेळ.

आणि एक दिवस फोन आला. बारामतीहून एका मुलीचे काका बोलत होते. म्हणाले, "तुमचा मुलगा शेती करतो ना?" मी म्हणालो, "व्हय." ते म्हणाले, "नक्की? शेतीच करतो ना?" मला वाटलं चेष्टा चाललीय. मी चिडून म्हणालो, "शेतीच करतो. दुसरं काय येत न्हाय त्याला. कंपनीनं चार महिन्यांत हाकलला असता, त्याच्याआधी आपणहून आला. बास?" ते म्हणाले, "मग रविवारी बघायला येतो."

ती मोनिका. औषधाच्या दुकानात कामाला होती, बत्तीस वर्षांची. पंधरा मिनिटं शमूशी बोलली, बाग बघितली आणि हो म्हणाली. मी मनाशी ठरवलं की त्यांच्या कानावर आमची भानगड गेलीच नसावी, किंवा गेली असून मुलगी मोठ्या मनाची आहे. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि हातचं गेलं तर?

पुन्हा तीन रविवार आले. माझ्याच देवळात यावं लागलं, मी पाळकसाहेबांना नाही कसं म्हणणार? तिसऱ्या रविवारी नावं पुकारली. कुणाची काही हरकत असल्यास. सगळं देऊळ माना वळवून तुमच्याकडं बघायला लागलं. पाळकसाहेब सुद्धा. आणि नेमके त्याच वेळी तुम्ही बाकाला धरून अर्धे उठलात.

कुणीतरी बाई "अगं आई" म्हणाली.

तुम्ही इकडंतिकडं बघितलंत आणि म्हणालात, "गुडघा अवघडलाय हो. चालू द्या तुमचं."

आधी पोरं हसली, मग सगळं देऊळ. पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडापुढं धरलं. मी उपासना संपल्यावर तडक तुमच्याकडं आलो आणि तीन वर्षांतलं पहिलं वाक्य बोललो, "तुमाला गप बसता येत न्हाय का वो एका जागी?" तुम्ही म्हणालात, "तीन वर्षं तुझ्या दारात बसूनच धरलाय हा गुडघा." मग मी तुमचा हात धरून तुम्हाला पायऱ्या उतरवल्या. आपला समेट म्हणजे एवढाच. माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर आपल्याला दोन वर्षं मिळाली. एका बाकावर बसलो, एका ताटात जेवलो, शमूच्या पोरीचा बाप्तिस्मा तुम्ही आणि मी दोन बाजूंना उभं राहून बघितला. पण त्या हरकतीच्या रविवारावर मी तुम्हाला येऊ दिलं नाही. तुम्ही एकदा विषय काढलात, "दौलत, त्या दिवशी मी..." आणि मी म्हणालो, "औंदा बहार कधी धरताय?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बहाराचं बोलायला लागलात. दवाखान्यात मी ठरवून आलो होतो. अक्काला बाहेर पाठवलं, खुर्ची जवळ ओढली. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर ड्रिपच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. म्हणालात, "बोल सावकाश. मला घाई न्हाय." मी उंदरांचंच बोलत राहिलो. उद्या बोलू म्हणून उठलो. उद्या तुम्ही नव्हता.

आता पुढचं तुम्हाला ठाऊक नाही ते लिहितो. म्हणजे मला वाटलं होतं ठाऊक नाही.

परवा मी लासुर्ण्याला अक्काकडं गेलो होतो. म्हटलं, त्यांना बोलायचं राहिलं ते निदान हिला बोलावं. मी सुरुवात केली, "अक्का, त्या दिवशी दाजी देवळात उभे ऱ्हायले..." ती म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन जेवले न्हाईत ते. दुसऱ्या दिवशीबी न्हाईत. म्हणाले, पोराचं लग्न माझ्या तोंडानं मोडलं, आता देवानं जुळवलं न्हाय तर मी काय करू?" मी म्हणालो, "दाजी असं म्हणाले?" ती म्हणाली, "रोज सकाळी विचारायचे, बावड्याचं काय कळलं का. आन प्रार्थनेत तुझ्या वेळेनं, तुझ्या वेळेनं म्हणायचे ना, ते तीन वर्षं म्हणाले न्हाईत. नुसतं म्हणायचे, प्रभू, लवकर."

दाजी! तुम्ही! लवकर!

मी तिथंच अक्काच्या ओट्यावर हसायला लागलो आणि हसता हसता रडलो. मला वाटायचं, तुमचं काय जातंय वाट बघायला. पोरगं माझं, घर माझं, तहान माझी, तुम्ही आपले बांधावर उभं राहून शिकवणार. विश्वास म्हणजे तुम्हाला निवांत झोप लागत असणार असं मी धरून चाललो होतो. आणि तुम्ही त्या टाकीला टेकून माझ्याहून जास्त भ्यालेले बसला होता. भ्यालेले, आणि तरी तिथंच. घाईनं आत येऊन माझे पाय धरले नाहीत, की केलेली हरकत मागं घेतली नाही. मी तिसऱ्या आठवड्यात भ्यालो तर पाणी सोडून बसलो होतो. तुम्ही तीन वर्षं भ्यालात आणि सोडलं नाही. त्या दिवशी बागेत तुम्ही सांगितलंत त्यानं मला जे पटलं नव्हतं, ते ह्यानं थोडं पटलं. थोडं.

पण घरी येताना ते हसू टिकलं नाही. तुम्हाला त्या काळजीतून सोडवायचं एकच वाक्य माझ्याजवळ होतं आणि मी तुम्हाला उंदरांचं सांगत बसलो. देवाची वेळ चुकते म्हणून तुमच्याशी जन्मभर भांडलो. माझी चुकली.

मोनिका भाकरी करत होती. मी चुलीपाशी बसलो आणि तिला विचारलंच. "पोरी, खरं सांग. त्या सांगवीच्या भानगडीचं तुमच्याकडं ठाऊक होतं?"

ती म्हणाली, "म्हणून तर आलो आबा."

"म्हणून म्हंजे?"

"माझं दोनदा ठरून मोडलं होतं. एका मुलाची नोकरी खोटी निघाली. दुसऱ्याचं आधीच एक लग्न झालेलं. तिथं घरच्या सगळ्यांना माहीत होतं, पण एकजण बोलला नाही. मग आमच्या काकांनी तुमच्याकडचं ऐकलं. मी म्हटलं, त्या घरात कुणी खोटं बोललं तर उठून उभा राहणारा माणूस आहे. तिथं मी जाईन."

तव्यावरची भाकरी करपली. दोघांनाही भान नव्हतं.

दाजी, दोन वर्षं मी समजत होतो की ही पोरगी तुमच्या त्या हरकतीकडं काणाडोळा करून आमच्या घरात आली. ती तुमच्या हरकतीमुळं आली. माझ्या खोट्यानं जी आली असती ती महिन्याभरात गेली असती. जी आली तिनं माझं घर धरलंय, तिची पोर माझ्या मिशा ओढते, आणि शमू रानातून येताना गाणं म्हणत येतो.

मला एकच विचारायचं धाडस होईना. शेवटी विचारलं, "हे मामांना कधी सांगितलं होतंस का?"

"लग्नाआधीच. बघायला आलो ना, तेव्हा मामा फाटकाबाहेर बसले होते. निघताना त्यांनाच सांगितलं. नुसते शेरूच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, तुझ्या सासऱ्याला सांगू नको. त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं पटत न्हाय. त्याचं त्याला येऊ दे."

"आन आलंच नसतं तर?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, मी थांबतो. आता मला सवय झालीय."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षं माझ्या शेजारी त्या बाकावर बसून सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात मी उंदरांचं सांगत होतो तेव्हाही. देवाचे उपकार, की तुम्ही ती काळजी बरोबर घेऊन गेला नाहीत. आणि तुमचे उपकार, की माझा मान मला ठेवलात. माझ्यासारख्या माणसाला तो लागतो.

मला यायला उशीर झाला, दाजी. पण दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून नाही, माझं मी म्हणतोय. तुमचं बरोबर होतं, दाजी.

रविवारी हे पाळकसाहेबांना वाचू देणार नाही, मीच वाचणार आहे. अक्काला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा ती चार शब्दांची ओळ दोनदा वाचीन.